नडगीवरचा देवीचा अंगठा

सन अठराशे अठ्ठ्याऐंशीतल्या त्या सकाळी ठाकुर्लीच्या सखुबाईंच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आठवा महिना लागलेली त्यांची सून शालू तीन दिवसांपासून चौरंगावर बसलेली, आणि तिच्या अंगात म्हणे देवी! सखुबाई नथ घालून नुसत्या मिरवत होत्या. कधी ढुंकूनही न बघणाऱ्या पाटलीणबाई आज त्यांच्या दारात उभ्या होत्या, मग माणूस का मिरवणार नाही?

"मुखावरचं तेज बघा!" उंच खुर्चीवरून देवऋषी भानुबुवा गरजले. खाली वाकून त्यांनी मंत्र पुटपुटत शालूच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. "हा आईचा अंगठा!"

गर्दीनं नारळांचा ढीग घातला.

"आत्याबाय, डोकं फुटतंय गो," शालू सासूकडे बघत कण्हली. "डोल्यांपुढं काजवं चमकतान."

"काजवे नव्हेत, आईच्या पणत्या! अमावास्येपर्यंत चौरंग सोडायचा नाही," बुवांनी फर्मावलं.

शालूचा नवरा धोंडीबा रेल्वेच्या कामावर होता. त्याला काही हे पटेना. तो सरळ कल्याणच्या दवाखान्यातून फिलिप डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी शालूला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मग ते बुवांकडे वळले, त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत सारलं आणि नडगीवर अंगठा रोवला. दिवसदिवस खुर्चीत लोंबकळून सुजलेल्या त्या पायावरही तस्साच खळगा!

"अगो बाय!" पाटलीणबाई किंचाळल्या. "बुवा, तुमाला कितवा?"

ओटा हसून हसून लोळला. सखुबाईंनाही हसू आवरेना.

"कातडीखाली पाणी साचलं की बोट रुततं," डॉक्टर म्हणाले. "बुवांना बसून साचलंय, पण शालूला रोगानं. तिचं मूत्र आणा. आणि सखुबाई, तुमचंही."

सखुबाई लाजून लाल झाल्या, पण गेल्या. डॉक्टरांनी दोघींचं मूत्र काचेच्या नळ्यांत घालून थेंबथेंब आंबट शिरका टाकला आणि दिव्यावर उकळवलं. सखुबाईंचं नितळ राहिलं. शालूचं पांढरं गढूळ झालं.

"दूध! आईचं दूध!" बुवा ओरडले. निम्मी गर्दी आता डॉक्टरांच्याच पाया पडू लागली.

"उठा हो! एक अंडं द्या." अंड्याचा पांढरा बलक पाण्यात ढवळून त्यांनी तोही उकळवला. तसाच गढूळ! "अंड्यात असतो तसला पदार्थ हिच्या लघवीतून वाहून जातोय. तो का जातो, हे अजून मलाही ठाऊक नाही. पण तोंडावर-पायांवर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमक आणि हे, सगळं एकत्र आलं की पुढे आकडी येते. मग आईही जाते, बाळही."

सखुबाईंचं हसू विरलं. पोर तीन दिवस सांगत होती आणि आपण नथ मिरवत होतो! त्यांना स्वतःची शिसारी आली. "आवं, मग उपाय?"

"आडवं पडायचं. अंधारी, शांत खोली, दूध आणि दवाखान्याची देखरेख. बाळंतपण होईतो धोका टळत नाही."

सखुबाईंनी स्वतः सुनेला चौरंगावरून उतरवून बैलगाडीत निजवलं. बुवा मागच्या दारानं कधी पसार झाले, कुणाला कळलंच नाही.

तीन आठवड्यांनी कल्याणला शालूला मुलगी झाली. एवढीशी, पण आवाज खणखणीत; शालूही सुखरूप. बायका हळदकुंकू घेऊन देवी बघायला धावल्या. सखुबाई दवाखान्याच्या दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"देवी नाय, नात हाय माझी! ऐका गो बायांनो, पोटुशी पोर डोकं दुखतंय म्हनली, तोंड सुजलं, डोल्यांपुढं चमकलं, तं नारल फोडू नका. गाडी जुंपा न् डॉक्टर गाठा. आन् आदी तिचं ऐका. मी ऐकलं नव्हतं."