दहा हजार दाखले

सुताराची सहा वर्षांची मुलगी फिट येऊन वारली, हे मुलांच्या इस्पितळात कळलं त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांचा सत्कार होता. सभागृहात मुंगीला शिरायला वाव नव्हता. आया लेकरं कडेवर घेऊन उभ्या. डॉक्टरांच्या थेंबांनी फिट कायमची जाते, जुन्या गोळ्या बंदच करायच्या, अशी ख्याती. सुताराची मुलगीही याच थेंबांवर होती.

"मी बोलत नाही, आकडा बोलतो!" डॉक्टर माइकवर म्हणाले. "चारशे शोधनिबंध, दहा हजार दाखले! विद्वानांनी दहा हजार वेळा माझं नाव घेतलं. देवाचं तरी इतकं घेतात का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात इस्पितळाच्या ग्रंथपालाच्या सुनेच्याही टाळ्या होत्या. तिचा चार वर्षांचा मुलगा परवापासून थेंबांवर होता, जुन्या गोळ्या बंद.

ग्रंथपालाचे हात हलले नाहीत. तो आकडा दरवर्षी इस्पितळाच्या फळ्यावर तो स्वतःच लिहायचा. दाखले, म्हणजे कोणाच्या निबंधाचा उल्लेख इतर निबंधांत किती वेळा आला ते, मोजणं त्याचं काम. निबंध वाचायला कोणी सांगितलं नव्हतं. त्याची बायको डॉक्टरांच्याच वॉर्डात नर्स होती. ती म्हणायची, "अहो, दरवर्षी कागदावर तीच अकरा पोरं असतात." तो म्हणायचा, "तू इंजेक्शनं दे, विद्येचं आम्ही बघतो." तिला जाऊन वर्ष झालं होतं.

सत्कारानंतर त्याने निबंधांचं कपाट उघडलं आणि तीन दिवस वाचत बसला. थेंबांवरचे निबंध सदतीस, मुलं अकराच. वय तेच, वजन तेच, फक्त मथळा नवा. मुलं तपासली सहा आठवडे. पुढे त्यांचं काय झालं, कोणी विचारलंच नव्हतं. आणि त्या सहा आठवड्यांत जुन्या गोळ्याही चालू होत्या. काम गोळ्यांचं, नाव थेंबांचं!

मग दाखले कोणाचे? डॉक्टर, त्यांचे चार चेले, दोन मित्र. प्रत्येक निबंधाच्या शेवटी एकमेकांच्या निबंधांची लांबलचक यादी. सात जण गोल बसून एकमेकांना हार घालत होते, आणि हा बाहेर बसून हार मोजत होता.

त्याने सुनेपुढे कागद मांडले.

"बाबा, दहा हजार लोक खोटे आणि तुम्ही एकटे खरे?"

"दहा हजार नाहीत गं, सातच आहेत. सुताराची पोर गेली, ती कुठल्या निबंधात आहे दाखव."

"तिच्या नशिबात होतं. आणि फळ्यावर आकडा कोणी लिहिला? तुम्हीच ना? तुमच्यावर विश्वास ठेवूनच गेले मी त्यांच्याकडे."

ग्रंथपालाचा मुलगा म्हणाला, "बाबा, आई गेल्यापासून तुम्हाला सगळ्यातच वाईट दिसतं." ते निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहावं, तर त्याचे संपादक डॉक्टरांचे मेहुणे.

वाचणाऱ्यांनो, आकड्याला हात जोडू नका. मुलं किती होती, किती दिवस तपासली, सोबत दुसरं कुठलं औषध चालू होतं, एवढं विचारा. विचारल्याने कुठल्याही खऱ्या डॉक्टरचा अपमान होत नाही. आणि फिटच्या गोळ्या कोणाच्याही ख्यातीवर भुलून एकदम थांबवू नका.

ग्रंथपाल रोज सुनेला हेच सांगतो. आज पाचवा दिवस. नातवाच्या गोळ्या अजून पुन्हा सुरू झालेल्या नाहीत.