पाहुण्यांची व्यवस्था

चेऊलकरांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. गुळगुळीत जाड कागद, वर सोनेरी चांदणी, खाली ठळक अक्षरांत "सहकुटुंब या. इथे सगळ्यांचं स्वागत आहे." कलबुर्गीत आपल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबांसाठी, मुलाबाळांसाठी प्रार्थनामंडळ काढतो आहे, या भागात हिब्रू वाचणारे तुम्हीच उरलात, तेव्हा दर महिन्याला येऊन प्रार्थना चालवा, असं त्यांनी लिहिलं होतं. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. शिवाय 'स्वागत' हा शब्द अत्तरासारखा शिंपडणाऱ्या माणसाला काय लिहायचं तेही सुचेना. पत्र पुस्तकात घालून ठेवलं.

तरी त्यांच्या पहिल्या मलिद्याला मन्नाएखेळ्ळीहून बसनं गेलो. मलिदा म्हणजे आमच्याकडे एलियाहू पैगंबराच्या नावानं गोड पोहे आणि फळं ठेवून केलेली प्रार्थना. ती एका मंगल कार्यालयाच्या जेवणघरात होती. चेऊलकर शहाबादी फरशीच्या धंद्यापायी मुंबईहून इकडं आलेले, त्यामुळे धर्मही ते फरशीसारखाच बसवत होते, आधी दोरी लावून. त्यांनी पुढं मखमली खुर्च्या मांडल्या होत्या, मागं प्लास्टिकच्या. तबकातले पोहे सकाळीच भिजवून ठेवल्यानं त्यांचा लगदा झाला होता. त्याचे फोटो मात्र चालू होते.

स्नेहा सासरच्यांना घेऊन आली होती. ती आमच्यातली, रेल्वेतल्या दानिएल गार्डची मुलगी. नवरा महेशकुमार करजगीचा लिंगायत, तो आला नव्हता. तिच्याबरोबर आठ वर्षांची मुलगी मंजुश्री आणि सासरे जगदेवप्पा. मंजुश्रीनं प्रार्थनेच्या दोन ओळी पाठ केल्या होत्या, त्या ती मला दारातच म्हणून दाखवू लागली.

चेऊलकरांनी माइकवरून सांगितलं, "पाहुण्यांची बसायची वेगळी व्यवस्था केलेली आहे."

आमच्या भागात पाहुणे म्हणजे सोयरे. जगदेवप्पांनी फेटा सारखा केला आणि सगळ्यांना घेऊन थेट पहिल्या रांगेतल्या मखमलीवर जाऊन बसले.

चेऊलकर धावत आले. हसू तसंच ठेवून म्हणाले, "काका, ही जागा आपल्या कुटुंबांची. पाहुणे मागं."

"पाहुणे मागं?" जगदेवप्पांनी विचारलं. "आमच्याकडं पाहुणा मागं बसला तर सोयरीक मोडती, अण्णा."

दोन-तीन जण हसले. चेऊलकरांना ते कळलं नाही. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की मुलीचे वडील आपल्यातले नाहीत, तेव्हा तिचं काय ते कमिटी ठरवेल, तोवर आनंदानं मागं बसावं, प्रसाद सगळ्यांना आहेच.

स्नेहा माझ्याकडं वळली. "काका, तुम्ही वाचलेली माणसं. मंजू आपल्यातली हाय का न्हाई?"

"आहे," मी म्हणालो. पण ते इतकं हळू, की चेऊलकरांनी हात कानाशी नेला, आणि दुसऱ्यांदा बोलायचं मला धाडस झालं नाही. जगदेवप्पा उठले. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले नाहीत, सुनेला आणि नातीला घेऊन बाहेर पडले. मंजुश्री विचारत होती, कामून चाललो? नंतर प्रार्थना म्हणायला मी पुढं झालो नाही, तेव्हा तिच्या जागी मोबाइलवर गाणं लावलं. कमिटी टाळ्या वाजवत होती.

परत येऊन मी लिहायला बसलो. चार कागद फाडले, कारण प्रत्येकात मी चेऊलकरांची क्षमा मागत होतो. पाचव्यावर लिहिलं:

"आई आपल्यातली असेल तर मूल आपल्यातलं. हे ठरून शेकडो वर्षं झाली, तुमच्या कमिटीला त्याचा त्रास नको. तुम्ही ज्यांना मागं बसवलंत, त्या घरातली मंजुश्री तुमच्या निम्म्या कमिटीपेक्षा शुद्ध प्रार्थना म्हणते. तुम्ही करजगीला जाऊन जगदेवप्पांना सोयऱ्यासारखं बोलावून आणा आणि त्या घराला पुढं बसवा. मग मी येईन, आवाज फुटो न फुटो. नाही तर मोबाइल आहेच. पोहे ऐन वेळी भिजवावेत."

शेवटचं वाक्य खोडावं असं वाटलं. खोडलं नाही. सकाळी टपाल कचेरी उघडताच पाकीट पेटीत टाकलं.