दातखुणा

मित्रांनो, मी बाभळीचा एक जुना तुकडा आहे. वीतभर लांब, अन् अंगभर दातांच्या खुणा. हसू नका, मला कुत्र्यानं चघळलेलं नाही! मुरूम गावात हाडं बसवणारे वीरप्पा आहेत. निखळलेला सांधा ओढताना ते मला माणसाच्या दातांत देतात. पण फक्त गड्याच्या. गड्यानं ओरडायचं नसतं ना! बायांनी ओरडलं तर चालतं, म्हणून त्यांना मी मिळत नसे.

सिदू नावाच्या एका गड्याचा खांदा बसवला तेव्हा बाहेर बसलेले म्हणाले, पठ्ठ्यानं हूं का चूं केलं नाही. मी मात्र त्याच्या आसवांनी भिजलो होतो. मला नवल वाटे, गिळलेलं ओरडणं जातं तरी कुठं?

मग अयोध्या नावाची बाई आली. ढोकीकडं ऊसतोडीला गेलेली, मोळी घेऊन ट्रॉलीवर चढताना फळीवरून घसरली. घोटा टम्म सुजलेला. सोबत आलेले सासरे दारातच बसले. वीरप्पांनी घोटा दाबला, ती गप्प. वीरप्पांचा ठोकताळा असा, की बाई ओरडली तर मोडलंय, नाहीतर नुसतं मुरगळलंय. ते बिनघोर तेल लावून पाय ओढायला बसले. माझा जीव टांगणीला लागला. मोडका घोटा ओढला असता तर बाई जन्माची लंगडी झाली असती.

तेवढ्यात तिनं कोनाड्यातून मला उचललं. "आप्पा, हे मी धरू का दातात?"

"तुला कशाला गं? तू वरड की खुशाल."

"मामंजी दारात हायत. त्यांच्याम्होरं कशी वरडू?"

वीरप्पांनी पुन्हा जरासंच दाबलं, अन् तिचे दात माझ्यात रुतले. तिच्या तोंडातून मला काढून घेऊन वीरप्पा ती खूण बघत राहिले. सिदूच्या खुणेहून ती खोल होती. त्यांनी पायावरचा हात काढला आणि सासऱ्यांना आत बोलावलं.

"हे मोडलंय. दवाखान्यात न्या, फोटो काढा."

"आवो, पण तिनं तर तोंडातनं शब्द काढला न्हाय!"

"व्हय. तितंच म्या चुकत व्हतो."

अयोध्या आता नीट चालते. वीरप्पा हल्ली सोबतच्यांना अंगणाबाहेर बसवतात, अन् बाई असो की गडी, आधी विचारतात, लाकूड पाहिजे का ओरडायचंय? मागच्या बाजारी शंभू नावाच्या गड्यानं मला नको म्हटलं आणि तो गल्ली हादरेल असा ओरडला. मला बरं वाटलं.

मित्रांनो, मला तेल नाही लावलं तरी चालेल. पण एखादं माणूस गप्प आहे म्हणून त्याला दुखत नाही, असं धरून चालू नका. जवळ बसा आणि विचारा. खोटं वाटत असेल, तर माझ्या मधोमध बोट फिरवून बघा. तिथं अयोध्या ओरडली आहे.