मोडायची राहिलेली काडी

लेक श्रुती नवऱ्यापासून वेगळी होणार म्हटल्यावर आक्काला वाटलं, दोन मिनिटांचं काम! तिच्या माहेरी काडीमोड तसाच व्हायचा. भावकी बसायची, नवराबायको मिळून गवताची काडी मोडायचे, की संपलं. मग त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही.

श्रुतीच्या वकीलबाईंनी हात जोडले. "आक्का, काडीनं भागत नाही. रजिस्टर लग्न आहे हे."

ते तसं झालं कुणामुळं? आक्कामुळंच! श्रुतीचं लग्न जोतिबावर लावायचं म्हणून ती अडून बसली, जावयाचे, संघर्षचे, वडील बुद्धविहारासाठी अडले. पोरांनी दोघांनाही ठेंगा दाखवून कचेरीत सह्या ठोकल्या. आता कायदा म्हणत होता, वर्षभर वेगळं राहा, मग दोघं मिळून अर्ज करा, वर सहा महिने विचार करा.

"इचार कसला? पटत न्हाय हे आख्ख्या गल्लीला म्हाईत हाय की!" आक्का कडाडली.

खरंच पटत नव्हतं. श्रुती माहेरी आली आणि पंधरवड्यात आक्काच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. श्रुती ड्युटीवर, म्हणून डोळ्यात थेंब घालायला कळंब्याहून संघर्ष यायला लागला. थेंब संपले तरी रविवारचं येणं सुटलं नाही. तो आला की श्रुती मैत्रिणीकडं जायची. तो तांबडा रस्सा भुरकत म्हातारीच्या सगळ्या तक्रारी ऐकून घ्यायचा. आक्काला त्याचा लळाच लागला. आता तारीख पुढं गेली की तीच म्हणायची, "असू दे, कायद्याचं काम हाय."

शेवटी एका सोमवारी जजसाहेबांनी विचारलं, "वर्षभर वेगळे राहिलात ना?"

"व्हय की!" मागून आक्काच ओरडली. "रविवारी जेवायला तेवढा येतोय!"

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. श्रुती घाईनं म्हणाली, "साहेब, तो आईकडं येतो. मी तेव्हा घरात नसते." साहेबांनी हसू दाबत सही केली.

बाहेर आक्काच्या भावानं, गणपतरावांनी, खिशातून गवताची काडी काढली. "सायबाचं झालं. आता आपलं बी उरका. येणंजाणं बंद!"

दोघांनी हात पुढं केले. लेक सुटली याचं आक्काला बरंच वाटत होतं, पण रविवारी रिकाम्या दाराकडं बघत बसणं तिच्यानं होणार नव्हतं.

तिनं काडी हिसकावली आणि सगळ्यांसमोर दात कोरायला लागली.

"कालचं मटण अडकलंय दाढंत," ती म्हणाली. मग संघर्षकडं वळली. "पावणं, रविवारी येताना आलं आणा. घरातलं संपलंय."