पानात बसवलेला कोट

आमच्या घरात एक संगणकतज्ज्ञ राहतात. त्यांना कुणी तसं नेमलेलं नाही, पण काही पदं माणूस स्वतःच स्वतःला बहाल करून मोकळा होतो. एरवी ते पाणीपुरवठा खात्यात जलवाहिन्यांचे नकाशे सांभाळतात आणि उरलेल्या वेळात माझे नवरे असतात.

संगणकावर एकदा उघडलेलं काहीही ते बंद करत नाहीत. "लागेल कधीतरी," म्हणतात. त्यामुळे ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टॅबची अशी दाटी, की एकाचंही नाव धड वाचता येत नाही. कुठल्यातरी जुन्या सामन्याचा स्कोअर, गेल्या वर्षीचं हवामान, गुडघेदुखीचे व्यायाम. व्यायाम उघडे आहेत त्याला काळ लोटला, गुडघे अजून दुखतातच.

तर अशा माणसाच्या भरवशावर मी आईच्या कापडाला कात्री लावली.

मी कपडे शिवते. घराची पुढची खोली म्हणजेच माझं दुकान. आई गेली तेव्हा तिच्या कपाटात गडद हिरव्या लोकरीचं एक कापड निघालं. स्वतःच्या कोटासाठी घेतलेलं. "चांगला प्रसंग आला की शिवू," म्हणायची, आणि तिच्या मते तो कधी आलाच नाही. मलाही ते कापायचा धीर होईना. मग एके दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, मला बढती मिळाली. आईच्या त्या कापडाचा कोट शिवशील?"

"शिवीन की! माप द्यायला ये."

"मागचीच मापं धर गं, काही बदललेलं नाही. मी कोट न्यायलाच येते."

कापड जेमतेम एका कोटाचं. चुकलं तर दुसरं मिळणार नाही, कारण ज्या दुकानातून आईने ते घेतलं तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. आणि अस्तर, कॉलर असा साग्रसंगीत लेडीज कोट मी आयुष्यात शिवलेला नव्हता. म्हणून इंटरनेटवरून तयार पॅटर्न मागवला. बहिणीच्या मापाचा पॅटर्न पानापानांवर छापून घ्यायचा, पानं जोडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि कापायचं. पॅटर्नवाल्यांनी लिंक पाठवली. लिंक दाबली, ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडली. बाह्या, पाठ, कॉलर, सगळं कसं छान दिसत होतं. दिसतच होतं फक्त.

सेव्ह केलं, तर फाईल उतरली पण उघडेना. "फाईल खराब आहे." पुन्हा केलं. पुन्हा खराब. एवढ्यात तज्ज्ञांना वास लागला.

"सरक," ते म्हणाले.

मी सरकले. त्यांनीही तेच बटण दाबलं, फक्त जास्त आत्मविश्वासाने. फाईल खराब. मग त्यांनी दुसरा ब्राउझर उतरवून घेतला, संगणकातली जागा रिकामी केली, त्यात माझ्या गिऱ्हाइकांचे फोटोही रिकामे केले, आणि शेवटी मोबाइल काढून चक्क पडद्याचेच फोटो घ्यायला लागले. त्यात बाहीवर त्यांचं टक्कल चमकत होतं.

मी हात टेकले आणि पॅटर्नवाल्यांना फोन लावला. तिकडे एक गोड आवाजाची मुलगी.

"मॅडम, ही लिंक एकदाच उघडते. ती तुम्ही उघडलीत."

"मग सेव्ह का होत नाही?"

"सेव्ह करताना ती परत उघडावी लागते ना, मॅडम."

"आणि ती परत उघडत नाही."

"अगदी बरोबर, मॅडम!" मी परीक्षेत पहिली आले असते तरी तिला इतका आनंद झाला नसता. नव्या लिंकसाठी तिने माझी विनंती नोंदवून घेतली. अजूनही ती नोंदवलेलीच आहे.

तेवढ्यात आतून आरोळी आली. "जमलं! प्रिंट दाबायचं, पण प्रिंटरऐवजी 'पीडीएफ म्हणून सेव्ह' निवडायचं. डोकं लागतं याला!"

आणि खरंच फाईल सेव्ह झाली, उघडलीही. मी मोठ्या मनाने कौतुक केलं, तिथेच चुकलं. तज्ज्ञ हवेत गेले. छपाईही त्यांनीच अंगावर घेतली, ऑफिसमधल्या रद्द नकाशांच्या पाठकोऱ्या बाजूवर, कारण कोरा कागद वापरणं त्यांच्या जिवावर येतं. त्यातही पहिलं पान गाळलं. "नुसत्या सूचना आहेत गं. सूचना कोण वाचतं?"

पानं जोडली. कडेला कड तंतोतंत जुळली. पुढे कॉलर आणि मागे कुठल्याशा वस्तीची सांडपाण्याची लाइन, पण जुळली. कागद टेपने ताडून पाहिल्याशिवाय मी साधा परकरही कापत नाही. त्या दिवशी मात्र इतकी वैतागले होते की थेट कात्री उचलली.

कच्चे टाके घालून कोट पुतळ्यावर चढवला. माझ्याकडे कापडी पुतळा आहे, त्याला कापूस भरून मी बहिणीच्या मापाचा केला होता. छातीवर कोटाच्या दोन बाजू एकमेकींना भेटेचनात! टेप लावला. छाती कमी, खांदा कमी, बाही कमी. शिलाईतली जागा उसवली तरी पुरलं नसतं.

गाळलेलं पहिलं पान मी उघडलं. त्यावर एक चौकोन आणि शेजारी ठळक अक्षरात: छापल्यावर हा चौकोन मोजा. बाजू दहा सेंटिमीटर भरली नाही, तर कापड कापू नका. छापून मोजला. साडेनऊसुद्धा भरला नाही. आणि छपाईच्या चौकटीत खाली, कोपऱ्यात, एक बारीकशी खूण होती: पानात बसवा.

"अहो, हे काय आहे?"

तज्ज्ञांनी चष्मा वर केला. "ते आपोआपच असतं."

"आईच्या कापडाचं वाटोळंही आपोआपच झालं का?"

"पण सगळं सारख्याच प्रमाणात लहान झालंय ना? नकाशाला तसंच चालतं."

"नकाशा कुणी अंगात घालत नाही!"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आईने आयुष्यभर जपलेलं कापड, आणि मी एक चौकोन मोजला नाही.

बहीण आली ती ढगळ स्वेटरात, गळ्याला मफलर. मी दारातच सांगून टाकलं. "कोट बिघडला. लहान झाला. आईचं कापड मी घालवलं बघ."

"बघू तरी दे," ती म्हणाली, आणि आत जाऊन, स्वेटर काढून, कोट घालून आली.

खांदा खांद्यावर. बाही जेमतेम मनगटापर्यंत. बटणांच्या जागी टाचण्या लावल्या, त्याही विनातक्रार लागल्या. बेतून शिवल्यासारखा बसला होता.

"बघ!" तज्ज्ञांना लगेच कंठ फुटला. "मी म्हणत नव्हतो?"

हुश्श केलं मी. हसायलाही लागले. मग माझं लक्ष पुतळ्याकडे गेलं. तो तिच्या शेजारीच उभा होता, तिच्याच मापाचा, आणि तिच्यापेक्षा चांगला भरलेला.

"मागचीच मापं ना?" मी विचारलं.

तिने गळ्याचा मफलर सारखा केला.

"अगं, शिवणकाम करणाऱ्या बहिणीला खोटी मापं देतेस? कधीपासून चाललंय हे? आणि बढती?"

"बढती नाहीये, ताई." ती टाचणीशी चाळा करत राहिली. "सोमवारपासून उपचार सुरू होतायत. तिथे नळी लावून तासन्‌तास बसवतात. खोली गार असते म्हणे. आईचं काहीतरी अंगावर असावं असं वाटलं. तुला आधी सांगितलं असतं तर तुझी कात्री चालली नसती."

मी तिला वाटेल ते बोलले. गाढव म्हणाले, लबाड म्हणाले, आणि कोटासकट तिला जवळ घेतलं. एवढी कशी हलकी झाली होती कार्टी!

मग डोळे पुसून मी उरलेलं कापड टेबलावर पसरलं. कोट लहान कापल्यामुळे ते बरंच उरलं होतं.

"हे ठेवून देते," मी म्हटलं. "बाजूला पट्ट्या घालून मोठा करता येईल. तू फक्त अंगाने परत भर."

"भरीन," ती म्हणाली. "सवयच आहे मला."

तज्ज्ञ कधी उठून गेले ते कळलंही नाही. संगणकापुढे बसून ते त्या दाटीतून एकेक टॅब उघडून बघत होते. शेवटी थांबले. लिंक केव्हाच मेली होती, पण पॅटर्न तिथे तसाच उघडा होता, पहिल्या पानासकट.

"पूर्ण मापात छापून ठेवतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पट्ट्या कुठे, किती घालायच्या ते कळायला लागेल ना?" आणि खणातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला.

"लागेल," मी म्हटलं. "छापून झालं तरी तो टॅब बंद करू नका."