सोडियमचा तुकडा

बोर्ली पंचतनच्या शाळेत हरेश्वर सर दहावीला संयुगं शिकवत होते. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो आणि मीठ तयार होतं. ते आयनिक संयुग. पाण्याच्या रेणूत असं देणंघेणं नाही, अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात, ते सहसंयुज.

प्रज्ञाला हे फार आवडलं. तिने हात वर केला. "सर, पण सोडियम देतो कशाला? सोताकडंच का ठेवत न्हाय?"

वर्ग हसला. पोरं आपल्यालाच हसली असं सरांना वाटलं.

"न्हाय?" त्यांनी तिची नक्कल केली. "रिक्षावाल्या रामजीची ना तू? ये पुढे. स्वतःच बघ."

त्यांनी रॉकेलची बाटली टेबलावर ठेवली. आत सोडियमचे राखाडी तुकडे होते. प्रज्ञाने चिमटा उचलला, तो त्यांनी काढून घेतला.

"हाताने काढ. आणि आधी हात धुऊन ये. तुम्हा लोकांचे हात माझ्या बाटलीत नकोत."

तुम्हा लोकांचे म्हणजे कुणाचे, ते प्रज्ञाला बरोबर कळलं. ती नळावर जाऊन आली. हात पुसायला फडकं मागितलं, तर सर म्हणाले, "राहू दे."

ओल्या चिमटीत तुकडा चरचरला. ती किंचाळली. तुकडा खाली पडला, तरी बोटं जळतच राहिली. ती दाराकडे धावली. सर वाट अडवून उभे होते.

"कोणतं संयुग झालं?"

"सर, पाणी..."

"आधी नाव."

"सोडियम हायड्रॉक्साइड."

"प्रकार?"

"आयनिक!" ती रडत ओरडली.

"बघ, कसं डोक्यात शिरलं." ते बाजूला झाले.

दुपारी रामजी धावत आला. सर शांतपणे म्हणाले, "मी चिमटा घे म्हणत होतो. विचारा कुणालाही."

त्याने प्रज्ञाच्या बाकावरच्या प्राप्तीला विचारलं. ती स्वतःच्या चपलांकडे बघत पुटपुटली, "व्हय काका. तिनंच हात घातला."

रामजीने मुलीच्या बँडेजकडे पाहिलं, मग सरांकडे. प्रात्यक्षिकाचे गुण याच माणसाच्या हातात होते. त्याने प्रज्ञाच्या कानाखाली वाजवली.

दुसऱ्या दिवशी तिने भर वर्गात माफी मागितली. सर प्रसन्न हसले. "टाळ्या वाजवा रे."

सगळ्यांनी वाजवल्या, प्राप्तीनेही. प्रज्ञा जागेवर बसली आणि डाव्या हाताने फळ्यावरचं उतरवून घेऊ लागली.