बटणसमोर तो शब्द नको

ऐक ना, मध्ये काही बोलू नकोस हं, नाहीतर मी रडेन आणि सांगायचं तसंच राहील.

आमचा बटण माहितीये ना तुला? तपकिरी, एक कान उभा, एक पडका. तो मुळात आमचा नव्हताच गं. कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांचा. जिन्याखालच्या त्या एवढ्याशा दुकानात मशीनच्या पायाशी नऊ वर्षं पडून असायचा, अंगभर दोऱ्यांचे तुकडे. मग मास्तरांची नजर अधू झाली, सुईत दोरा जाईना, लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली, आणि तिच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत. मास्तरांनी बाबांचा हात धरला, "याला कुणाच्यातरी पायाशी बसू द्या, एवढंच." बाबा विरघळलेच. आई म्हणाली, "नाव काय म्हणे, बटण? तुटलं की शिवायचं मीच ना?" आणि संध्याकाळी तिनंच त्याला आपली जुनी शाल अंथरली.

तर पहिल्याच आठवड्यात बाबांनी पेपर मिटला आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "झालं!" बातमीच तसली होती. तर हा ताडकन उठला, अंग झाडलं, जांभई दिली आणि दारात जाऊन उभा! शेपटी नुसती गरागरा. बाहेर नेलं, तर फाटकाशी थांबून माझ्याकडे बघतोय, जसं काही मीच रस्ता चुकलेय. दुसऱ्या दिवशी आई गॅस बंद करून "झालं बाई एकदाचं" म्हणाली, की हा परत दारात. तासभर हलला नाही. दादा म्हणाला, "याला माझ्यापेक्षा मराठी बरं कळतं."

मी मास्तरांना फोन लावला. आधी हसले, मग म्हणाले, "अगं पोरी, शेवटचा दोरा दातानं तोडायचो, मशीनवर फडकं टाकायचो आणि म्हणायचो, झालं. की निघालो आम्ही दोघं घरी."

कळलं का तुला? घरी! म्हणजे आमचं घर त्याला दुकान वाटत होतं. आणि आम्ही सगळे गिऱ्हाइकं.

मग काय, घरात त्या शब्दावर बंदी. तू एक दिवस तो शब्द न वापरता मराठी बोलून दाखव, जेवण माझ्याकडून! आमचं जेवण आटोपायचं, काम उरकायचं, दादाचा पेपर नुसता 'बरा गेला'. एकदा मावशी आली आणि दारातूनच, "अगं, शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण झा..." आम्ही चौघं एकदम, "श्शू!" ती बिचारी हळू आवाजात विचारते, "का गं, काही लफडं आहे का त्यात?"

अडीच वर्षं गं. मी अभ्यासाला बसले की टेबलाखाली माझ्या पावलांवर हनुवटी. पाय बधिर व्हायचे, पण हलवायचे नाहीत. मला वाटायचं, आता त्याला हेच घर वाटत असणार. पण खात्री करायची तर तो शब्द म्हणायला हवा, आणि माझी काही छाती होईना. दारात जाऊन उभा राहिला तर?

मग मास्तर गेले. लेकीचा फोन आला. बटणला कोण सांगणार आणि कसं? चार महिन्यांनी त्याची मूत्रपिंडं गेली. खाणं सुटलं, उचलून बाहेर न्यावं लागायचं.

मंगळवारी सकाळी दवाखान्यात, स्टीलच्या टेबलावर, आईच्या त्याच शालीत. डॉक्टरीणबाई सुई भरत होत्या. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "म्हण ना गं तो शब्द. खुशीत जाईल बिचारा."

मी नाही म्हटला. खरं सांगते, हट्टानं नाही म्हटला. मला वाटलं, म्हटला तर हा दुकानातून उठेल आणि मास्तरांच्या घरी जाईल. मला तो माझ्या घरून जायला हवा होता. म्हणून मी नुसतीच "बट्या, ए बट्या" करत राहिले, आणि तो कुठेच बघत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी सुई काढली, कापूस दाबला आणि सवयीनं म्हणाल्या, "झालं."

कान उभा राहिला गं. तो पडकासुद्धा. शेपटी टेबलावर आपटली, दोनदा. दाराकडे मान वळवायला लागला आणि ती अर्ध्यातच राहिली.

आता घरात बंदी कुणासाठी? पण काल दादा जेवून उठला आणि ताट उचलत म्हणाला, "आटोपलं माझं."

पाच मिनिटं आधी मी म्हटलं असतं, तर निदान मान तरी पूर्ण वळली असती त्याची. एक शब्द तर होता! सांग ना, तू असतीस तर म्हटला असतास?